नाव नसलेला माणूस

नवीन पनवेलच्या सिडको वसाहतीत राहायला आल्यापासून लोकलचा प्रवास हीच माझी वाचनाची खोली झाली. खिडकीजवळ जागा मिळाली की मुंबईपर्यंत तासाभराची निश्चिंती. याच प्रवासात आल्बेर काम्यूची १९४२ सालची 'द आउटसायडर' वाचली. अल्जीरियाच्या समुद्रकिनाऱ्यावर नायक एका अरबाला गोळ्या घालतो. खटला चालतो, शिक्षा होते. पण मेलेल्याचे नाव शेवटपर्यंत कळत नाही. समीक्षक जगण्याच्या निरर्थकतेविषयी लिहितात. मी मात्र त्या नावापाशीच अडलो. मराठी ऐतिहासिक कादंबऱ्यांत 'यवन' या एका शब्दात गुंडाळलेली माणसे वाचतच आपण मोठे झालो ना?

युरोपीय साहित्य आपले नव्हे, असे म्हणून पुस्तक मिटणे सोपे होते. पण इतिहास इतका सरळ नाही. आधुनिक कादंबरीची सुरुवात जिच्यापासून मानतात, ती सर्व्हान्तेसची 'डॉन किहोते' १६०५ मध्ये आली. सर्व्हान्तेस स्वतः १५७५ ते १५८० अल्जीयर्समध्ये कैदेत होता. तरीही आपली कथा मूळ एका अरब इतिहासकाराने लिहिली, तोलेदोच्या बाजारात ती हस्तलिखिते मिळाली आणि एका मोरिस्कोने, म्हणजे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांच्या वंशजाने, ती भाषांतरित केली, अशी कल्पना त्याने रचली. १६०९ पासून स्पेनने याच मोरिस्कोंना देशाबाहेर हाकलले. १६१५ च्या दुसऱ्या भागात सांचोचा शेजारी रिकोते वेश पालटून मायदेशी परततो. त्याला नाव आहे, गाव आहे, गावाची ओढही आहे.

टॉलस्टॉय १८५१ मध्ये कॉकेशसला गेला, तिथल्या युद्धात रशियाच्या सैन्यात होता. मृत्यूनंतर १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या 'हाजी मुराद'मध्ये त्याने आपल्याच सैन्याने जाळलेले गाव दाखवले. घाण केलेली मशीद आणि पाण्याची जागा दाखवली. शत्रूच्या डोळ्यांनी स्वतःकडे पाहण्याचे धैर्य ते हेच.

काम्यूच्या त्या अरबाला २०१३ मध्ये अल्जीरियाच्याच कामेल दाउदने आपल्या कादंबरीत नाव दिले : मूसा. त्याची कहाणी त्याचा भाऊ हारून सांगतो. आपल्याकडे हे काम फार आधी झाले. हमीद दलवाईंच्या 'इंधन'मध्ये (१९६५) कोकणातल्या गावचा मुसलमान स्वतःच्या तोंडाने, मराठीत बोलतो. दलवाईंच्या विचारांशी आपले कितीही मतभेद असोत, हे श्रेय त्यांना द्यावेच लागेल.

तेव्हा नुसती तक्रार करून भागणार नाही. आपल्याला कोणी नाव दिले नाही, तर ते आपण लिहावे. आणि तोच प्रश्न स्वतःलाही विचारावा. पनवेलच्या आसपासच्या वाड्यांतला कातकरी, ज्यांच्या शेतांवर ही वसाहत उभी राहिली ते शेतकरी, आपल्याच घरात पाहुण्यांसमोर न येणारी बाई : आपल्या कथांतून यांपैकी किती जणांना नाव आहे?

काम्यूचे पुस्तक अजून माझ्या कपाटात आहे. ते टाकून द्यावेसे मला वाटत नाही. त्याच्याच शेजारी 'इंधन' ठेवले आहे.