पेनड्राईव्हमधला खोटा फोल्डर

आजची गोष्ट २००९ ची. कॉलेजचा प्रोजेक्ट सायबर कॅफेत प्रिंट केला, घरी येऊन पेनड्राईव्ह लावला. समोर आलेल्या चौकटीत फोल्डरचं चित्र दिसलं, मी क्लिक केलं. झालं, कॉन्फिकर घरात!

ते चित्रच खोटं होतं. सीडी टाकताच प्रोग्रॅम सुरू व्हावा म्हणून विंडोजमध्ये 'ऑटोरन'ची सोय होती. या किड्याने तीच वापरून 'फोल्डर उघडा' असा नकली पर्याय वर आणला. खरा पर्याय खाली होता. किडा लपलेला 'रिसायक्लर' फोल्डरमध्ये.

गंमत बघा, नेटवर्कमधून शिरायची त्याची वाट बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००८ मध्येच दिलं होतं. किडा आला नोव्हेंबरमध्ये! पण अपडेट करतंय कोण? पुढची आवृत्ती पेनड्राईव्हवरूनही पसरायला लागली. वर अँटिव्हायरसच्या साइट्सही उघडू देईना.

मी कॉम्प्युटर साफ केला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पेनड्राईव्ह तसाच होता ना! मग नेट काढलं, मित्राकडून सीडीवर अपडेट आणि सफाईचं टूल आणलं, शिफ्ट दाबून पेनड्राईव्ह लावला आणि दोन्ही एकत्र साफ केले.

पण तोवर तो चार मित्रांकडे फिरून आला होता. सांगायला लाज वाटत होती. तरी सांगितलं. चौघांपैकी तिघांकडे किडा निघाला.

फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपी आणि व्हिस्टामध्येही पेनड्राईव्हचं ऑटोरन बंद करणारं अपडेट दिलं. ती वाट बंद झाली. लाज सोडून मित्राला सांगणं मात्र कुठल्याच अपडेटमध्ये येत नाही. ते आपणच करायचं. भेटू पुढच्या भागात!