वरकस जमिनीतली नाचणी

नाचणी मूळची कोकणातली नाही. पूर्व आफ्रिकेतल्या डोंगराळ मुलखात माणसाने ती पहिल्यांदा पेरली आणि काही हजार वर्षांपूर्वी ती भारतात पोचली. पण चिपळूण तालुक्यात, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी असलेल्या अलोरे-पोफळी-कोळकेवाडीच्या पट्ट्यात तिला परकी म्हणायची कुणाची छाती होणार नाही. इथे भात होतो तो वहाळाकाठच्या, बांध घातलेल्या तुकड्यांत. ती जमीन थोडी. बाकी सगळा उतार, कातळ आणि त्यावर वीतभर माती. या वरकस जमिनीने गरिबाला भाकरी दिली ती नाचणीची, कारण तिला साचलेले पाणी लागत नाही आणि धान्याला सहसा कीड लागत नाही. एक बरे वर्ष पुढची दोन-तीन वाईट वर्षे निभावून नेई.

तिची शेती कष्टाची होती. उन्हाळ्यात झाडांच्या फांद्या तोडून, पालापाचोळा, गवत आणि शेण पसरून राब भाजायचा, त्या राखेत रोप तयार करायचे, पाऊस लागला की उतारावर त्याची लावणी करायची. पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, मग हरीक, कुठे तीळ. नंतर ती जमीन काही वर्षे ओसाड टाकायची. ब्रिटिश वनखात्याला राब डोळ्यांत खुपे आणि फांद्या ओरबाडलेली झाडे पाहिली तर तो आक्षेप अगदीच खोटा नव्हता. पण ओसाड ठेवलेली वर्षे हेच या शेतीचे खत होते. माणसे वाढली, वाटण्या झाल्या, ओसाडीची वर्षे कमी झाली आणि माती खचत गेली.

यात खोताचा हिशेब धरल्याशिवाय नाचणीची गोष्ट पुरी होत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात सारा वसूल करणारा खोत सरकार आणि कूळ यांच्या मध्ये बसलेला असे. 1880 च्या खोती कायद्याने त्याचे हक्क लेखी झाले. भाताच्या पिकातला निम्मा वाटा अर्धेलीने, वरकस पिकातला तिसरा हिस्सा तिर्धेलीने, अशी धान्यातली वसुली बहुतेक गावांत रूढ होती, वर वेठ वेगळी. भात विकले जाई, त्याला बाजार होता, म्हणून खोताचे लक्ष भातावर. कुळाच्या कणगीत उरायची ती नाचणी. श्रीमंताच्या पानात भात आणि कुणब्याच्या, महाराच्या घरी भाकरी आणि आंबील, ही वाटणी जिभेने केलेली नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, जानेवारी 1938 मध्ये कोकणातली कुळे विधानसभेवर मोर्चा घेऊन गेली. विधेयक पुढे सरकले नाही. खोती कायद्याने गेली ती 1949 च्या कायद्यानंतर, आणि 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनाने कूळ मालक झाले.

मालकी आली तेव्हा घरातला पुरुष मात्र बहुधा गिरणगावात होता. रत्नागिरीने पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गिरणी कामगार आणि लष्कराला शिपाई दिले, कारण इथल्या धान्यात इथली माणसे वर्षभर जगत नसत. मागे राहिलेल्या बायकांनीच राब भाजला, लावणी केली, बेणणी केली, कणसे खुडली, मळणी केली. कोकणातली नाचणी टिकली ती त्यांच्या पाठीवर. हे फारसे कुठे लिहिलेले दिसत नाही.

खरे वळण 1965 चे. त्या वर्षी अन्न महामंडळ उभे राहिले, कृषी मूल्य आयोगही आला. हमीभावाची यादी लांबत गेली तरी सरकारची थैली सुटली ती गहू आणि तांदळासाठी. पंजाबचा गहू कोकणातल्या रेशन दुकानात येऊन पडला. स्वस्त तयार धान्य दारात मिळत असताना दोन-चार पायली नाचणीसाठी उतारावर कंबर कोण मोडणार? सुनेला भाकरी थापायचा कंटाळा आला, असे जुनी माणसे म्हणतात. सुनेचा हिशेब चुकला नव्हता.

याच काळात अलोऱ्याचे रूप बदलले. कोयनेचे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला आणून पोफळीत वीज तयार होऊ लागली. पुढे कोळकेवाडीचे धरण झाले, त्याच्या पायथ्याशी 320 मेगावॉटचा तिसरा टप्पा आला आणि अलोऱ्यात प्रकल्पाची वसाहत वसली. महिन्याच्या पगाराची माणसे आली, किराणा मालाची दुकाने आली. कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवायला मान्य केलेले 67.5 अब्ज घनफूट पाणी वीज देऊन वाशिष्ठीत सोडले जाते आणि बहुतांशी समुद्राला मिळते. या अवजलाचे काय करायचे याची चर्चा जुनी आहे, ते मुंबईला न्यावे अशीही योजना मांडली गेली. वरकस जमीन मात्र मृगाच्या भरवशावरच राहिली. ज्या गावाजवळून एवढे पाणी जाते, तिथला डोंगरउतार पावसाळा सरला की कोरडा पडतो. याला निसर्ग जबाबदार नाही.

1990 मध्ये रोजगार हमीतून फळबाग योजना आली, शंभर टक्के अनुदानाची. उतारावर हापूस आणि वेंगुर्ल्याच्या काजूची कलमे लागली. योजना चांगली होती. ज्याच्याकडे जमीन होती त्याच्या हातात चार पैसे आले. पण ज्या जमिनीत नाचणी व्हायची तीच जमीन कलमांखाली गेली, आणि उरलेल्या तुकड्यांत वानर आणि रानडुकरांनी पीक ठेवले नाही.

मग शहराला नाचणी आठवली. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असलेले हे धान्य मधुमेही, बाळंतिणी आणि वजन घटवणाऱ्यांच्या यादीत गेले. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्य वर्ष ठरवले, अर्थसंकल्पात त्याला ‘श्री अन्न’ हे नाव मिळाले. हमीभाव 2017-18 मध्ये क्विंटलला 1,900 रुपये होता, 2024-25 मध्ये 4,290 झाला, म्हणजे भाताच्या 2,300 च्या जवळजवळ दुप्पट. कागदावर नाचणी कधी नव्हे इतकी श्रीमंत आहे. पण हमीभाव हा खरेदी करणारा समोर उभा असेल तरच भाव.

2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ आणि गव्हाबरोबर भरडधान्यही एक रुपया किलोने द्यायची तरतूद झाली. कर्नाटक रागी विकत घेऊन रेशनवर देते. ओडिशाने 2017 पासून आदिवासी जिल्ह्यांत हाच मार्ग धरला. कोकणात खरेदी-विक्री संघांमार्फत भात हमीभावाने घेतले जाते. त्याच वजनकाट्यावर नाचणीही घ्या, आणि घेतलेली नाचणी त्याच तालुक्याच्या रेशन दुकानात, अंगणवाडीत आणि शाळेच्या पोषण आहारात द्या. चिपळूणच्या आमदारांनी विधानसभेत मांडावी अशी ही मागणी आहे.