खोगीर आणि खोगीरभरती



आज मी ज्या विषयावर बोलणार आहें, तो सभ्य मंडळींत सहसा निघत नाहीं. इतिहासकार लढायांचीं वर्णनें करितात, घोडदौडीचे कोस मोजतात. परंतु ज्या बैठकीवर बसून ते कोस तोडले गेले, त्या बैठकीचा इतिहास क्वचितच कोणी लिहितो. तो आज थोडक्यांत सांगावयाचा आहे, आणि त्याच्याच आधारानें सायकलस्वारांच्या गादी लावलेल्या आंखूड विजारीची निवड व निगा यांविषयीं दोन शब्द बोलावयाचे आहेत.

निमित्त झालें तें आमच्या आगाशींतील एका लहानशा गोष्टीचें. माझा भाचा रोज सायकलीनें विरारच्या स्थानकावर जातो. अंतर पांच-सहा किलोमीटरांचें. त्याचा त्रास असा कधीं झाला नाहीं. एका रविवारीं मित्रांच्या संगतीनें तो मुंबईपर्यंत जाऊन त्याच दिवशीं परत आला. अंगांत नेहमींची जाड सुती पँट होती. दुसऱ्या दिवशीं तो उभ्यानेंच जेवला, आणि आईला म्हणाला, ‘पाठ भरली आहे.’ चौथ्या दिवशीं ताप आला, तेव्हां डॉक्टरांना मांडीच्या सांध्याशीं मोठें गळूं दिसलें. त्या आठवड्यांतील परीक्षा त्यानें एका अंगावर टेकून दिली. मी रागावलों, तर तो म्हणाला, ‘मामा, हें सांगायचें तरी कोणाला?’ हा प्रश्न मला खरा वाटला. दुखणें साधें होतें. तें वाढलें लाजेमुळें.

आपल्या पूर्वजांना मात्र ही लाज परवडणारी नव्हती. मराठ्यांचें बळ चपळ घोडदळांत होतें, आणि घोडदळाचें बळ बैठकीवर अवलंबून होतें. बारगिराला घोडा सरकारांतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई. घोड्याची पाठ सोलवटली तर शिलेदाराची रोजीच बुडे. म्हणून घोड्याची पाठ आणि स्वाराची बैठक या दोहोंमध्यें कापडाची, आंत भरण घातलेली गादी असे, तेंच खोगीर. त्यांत काय भरावें व किती भरावें, हें जाणत्याचें काम होतें. ज्याला तें कळत नसे, तो हाताला येईल तें कोंबी. यावरूनच निरुपयोगी भरताडाला ‘खोगीरभरती’ हा शब्द आपल्या भाषेंत रूढ झाला. निरुपयोगी ग्रंथाला वा मंडळाला आपण हा शब्द सहज लावितों. पण तो मुळांत बैठकीच्या अनुभवांतून आलेला आहे. गादी जाड झाली म्हणजे चांगली झाली असें नव्हे, हें शहाणपण त्यांत साठविलेलें आहे.

स्वाराच्या पोषाखाचेंही असेंच. ग्रँट डफ यानें १८२६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासांत स्वाराचें जें वर्णन केलें आहे, त्यांत गुडघा झांकणारी घट्ट विजार आणि कापूस घालून शिवलेला अंगरखा यांचा उल्लेख आहे. सैल धोतर रिकिबींत अडकतें, त्याला चुण्या पडतात आणि चुणी कातडीला कापते. अंगाबरोबर बसणारें, गुडघ्यापर्यंतचें वस्त्र चुणी पडूं देत नाहीं. आजच्या सायकलस्वाराची विजार पाहिली कीं मला त्या स्वाराची आठवण होते. दोघांची अडचण एकच होती, आणि उत्तरही बरेंच सारखें निघालें.

आतां सायकलीकडे वळूं. १८६० नंतरच्या दशकांत युरोपांत जी पायटे मारून चालविण्याची दुचाकी आली, तिचीं चाकें लांकडी व धावा लोखंडी. इंग्लंडांत तिला हाडें खिळखिळीं करणारी असेंच टोपणनांव पडलें. १८८५ सालीं स्टार्ले यानें दोन सारख्या चाकांची, साखळीनें चालणारी सायकल पुढें आणिली. १८८८ सालीं डनलॉप यानें हवेच्या धावेचें पेटंट घेतलें. हादरे कमी झाले, पण घर्षण राहिलें. बर्मिंगहॅमच्या ब्रुक्स यानें १८८२ सालींच ताणलेल्या कातड्याच्या बैठकीचें पेटंट घेतलें होतें. तें कातडें वापरतां वापरतां स्वाराच्या अंगाचा आकार घेई.

या बैठकीवर माणसांनीं अचाट प्रवास केले. मुंबईचे सहा पारशी तरुण १९२३ च्या ऑक्टोबरांत सायकलींवर जगप्रवासास निघाले. त्यांपैकीं आदि हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे सुमारें ७१,००० किलोमीटर तुडवून १९२८ च्या मार्चांत मुंबईस परतले. आजचें ताणणारें कापड त्या वेळीं जन्मालाही आलेलें नव्हतें.

शर्यतींतले स्वार त्या काळीं लोकरीची आंखूड विजार घालीत, आणि तिच्या आंतून शॅमॉय नांवाचें मऊ कातडें शिवीत. आल्प्स पर्वतांत शेळीसारखा एक प्राणी असतो. त्याचें हें तेलानें कमाविलेलें कातडें. तें घाम शोषून घेई. पण धुतल्यावर पुठ्ठ्यासारखें कडक होई. म्हणून प्रत्येक वेळीं मलम चोळून तें मऊ करावें लागे. हें निगेचें काम जो टाळी, त्याला त्याचें प्रायश्चित्त मिळे. फ्रान्सचा लुई बोबे यानें १९५३, १९५४ आणि १९५५ अशीं लागोपाठ तीन वर्षें ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत जिंकली. पण तिसऱ्या विजयाच्या वेळीं बैठकीच्या गळवांनीं तो इतका हैराण झाला होता कीं, पुढें त्याला शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. जगांतल्या श्रेष्ठ स्वाराची ही गत, तर माझ्या भाच्यानें लाजण्याचें कारण काय?

१९५८ सालीं अमेरिकेंत ड्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेंत ताणणारा कृत्रिम धागा तयार झाला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्याच्या विजारी शर्यतींत दिसूं लागल्या, आणि पुढील दशकांत कातड्याची जागा कृत्रिम गादीनें घेतली. नांव मात्र राहिलें. अजूनही त्या गादीला ‘शॅमी’ म्हणतात.

आतां या इतिहासाचें तात्पर्य. बैठक लागते ती तीन कारणांनीं: दाब, घर्षण आणि ओलावा. घोड्यावर खोगीर घोड्याबरोबर हलतें. सायकलीची बैठक हलत नाहीं, स्वाराचे पाय मात्र मिनिटाला साठ-सत्तर वेळां फिरतात. म्हणून गादी बैठकीवर न घालतां अंगावर घालावी, म्हणजे ती कातडीबरोबर हलते आणि घर्षण कापड व बैठक यांमध्यें होतें. बैठकीवर मऊ जाड खोळ घालणें ही खरी खोगीरभरती होय. त्यांत हाडें रुततात आणि मधल्या नाजूक भागावरच दाब येतो.

विजार घेतांना ती अंगाला घट्ट बसते कीं नाहीं, सायकलीवर बसावें तसें वांकून पाहावें. उभ्यानें ठीक वाटणारी विजार वांकल्यावर सरकते. गादी हाडांच्या खालीं यावी. तिच्या मध्यावर जाड शिवण नसावी. स्त्री व पुरुष यांच्या बैठकीची ठेवण निराळी, तेव्हां गादीही निराळी घ्यावी. आणि जी गोष्ट ऐकून नवखा मनुष्य दचकतो ती ही कीं, या विजारीच्या आंत दुसरें वस्त्र घालावयाचें नसतें. आंतल्या वस्त्राच्या शिवणी व ओल यांपासून सुटका व्हावी म्हणूनच तर ती शिवलेली असते. शिवाय बैठक फार उंच असेल तर कंबर डोलते आणि उत्तम विजारही व्यर्थ जाते.

निगेचा नियम एकच: एका फेरीस एक धूत विजार. घरीं येतांच ती उतरावी व अंग धुवावें. विजार उलटी करून थंड पाण्यांत सौम्य साबणानें धुवावी. पिळून गादीचा चोळामोळा करूं नये. कपडे मऊ करणारीं द्रव्यें, कढत पाणी व इस्त्री हीं वर्ज्य. सुकेळीं करणाऱ्या आमच्या गांवाला वाळवण म्हणजे काय तें शिकवावयास नको; पण पावसाळ्यांत अर्नाळ्याकडून येणाऱ्या खाऱ्या, दमट वाऱ्यांत गादी दोन-दोन दिवस वाळत नाहीं. म्हणून विजारी निदान दोन असाव्यात. ओली विजार पुन्हां चढविणें म्हणजे गळवाला आमंत्रण देणें. गादी चेपून पातळ झाली कीं तिचा मोह सोडावा.

कातडी लाल झाली तर कांहीं दिवस सायकल भिंतीला टेकून ठेवावी. गांठ वाढली, पू दिसला, ताप आला, किंवा अंगांत मधुमेह असला, तर घरगुती मलमांच्या नादीं न लागतां डॉक्टरांकडे जावें, आणि कोठें दुखतें तें स्पष्ट सांगावें.

माझ्या भाच्यानें आतां दोन विजारी घेतल्या आहेत. परवां त्या आमच्या दोरीवर उलट्या वाळत होत्या. शेजारच्या मुलानें त्या काय आहेत असें विचारलें, आणि भाच्यानें त्याला न लाजतां सर्व समजावून सांगितलें. तें ऐकूनच हें भाषण करण्याचा मला धीर आला.