माळाला पडीक म्हटलं कुणी?

आज आपल्या शेळ्या चरतात त्या माळाबद्दल बोलू.

आमच्या गावच्या माळाला कागदावर 'सरकारी पडीक' म्हणतात. काही वर्षांपूर्वी एका योजनेत आम्ही गटातल्या बायांनीच तिथं खड्डे घेतले, रोपं लावली. मजुरी मिळाली, खोटं कशाला बोला. पण दोन उन्हाळ्यांत रोपं वाळून गेली. आणि जिथं जिथं कुदळ पडली, तिथं पवन्या काही परत आला नाही. काँग्रेस गवत आलं, ज्याला शेळीही तोंड लावत नाही. तेव्हापासून आम्ही विचारायला लागलो, की याला पडीक म्हटलं कुणी?

शब्दाचा माग काढला तर तो साऱ्याच्या वहीत सापडतो. मुंबई इलाख्यात 1836 च्या सुमारास इंदापूरपासून इंग्रजांची नवी मोजणी सुरू झाली. जमिनीची प्रत ठरायची ती मातीवरून. पुढं निजामाच्या मराठवाड्यातही त्याच धर्तीवर मोजणी झाली. आपला मुलूख तेव्हा नळदुर्ग जिल्हा म्हणून ओळखला जाई. 1853 साली तो इंग्रजांकडे गेला आणि 1860 ला निजामाकडे परत आला. राज्य कुणाचंही असो, नांगर नाही आणि शेतसारा नाही ते रान पडीक. मेंढपाळाचा तळ, बाईच्या डोक्यावरचा भारा यांना त्या वहीत रकाना नव्हता.

खरं तर या जिल्ह्याचं नाव देशभर पोचवलं ते आपल्या काळ्या उस्मानाबादी शेळीनं. ती वाढली अशाच माळांवर नि बांधांवर. कुंथलगिरीच्या खव्याचं नाव आपण अभिमानानं घेतो, पण दूध यायला आधी चारा लागतो, हे विसरतो.

स्वातंत्र्यानंतरही तो शब्द गेला नाही. 1972 चा दुष्काळ आपल्या सासवांनी खडी फोडून काढला. त्यानंतर माळावर झाडं लावणं म्हणजे पुण्याचं काम, असंच सगळ्यांना वाटू लागलं. 1985 साली दिल्लीत पडीक जमिनींच्या विकासासाठी मंडळच निघालं. हेतू चांगलाच होता. पण आपल्याकडचा बरड माळ म्हणजे उजाड झालेलं जंगल नव्हे. थोडी माती, खाली मुरूम, बेभरवशाचा पाऊस, तिथं गवतच खरं पीक.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजचं बघा. तिथं माळढोक पक्ष्यासाठी 1979 साली अभयारण्य झालं. हा पक्षी उघड्या माळावर, जमिनीवरच, बहुधा एकच अंडं घालतो. शत्रू लांबून दिसावा म्हणून त्याला मोकळं रान लागतं. पण त्याच भागात गिरिपुष्पासारखी झाडं लावली गेली आणि पुढं काही ठिकाणी ती काढावी लागली. माळढोक मात्र आता तिथं क्वचितच दिसतो. कारणं अनेक आहेत, पण माळ मोडला हे त्यातलं मोठं कारण.

गवतासोबत आणखी काय जातं? पावसाळ्यात गवतात उगवणारी कंदिलासारख्या फुलाची नाजूक वेल तुम्ही पाहिली असेल. कुणी खरपुडी म्हणतं, कुणी खर्चुडी. गुराखी पोरं तिचा कंद उकरून खातात. तिच्या काही जाती इतक्या दुर्मीळ झाल्यात, की कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या बागेत त्या जपून वाढवाव्या लागतात. खड्डा घेणाऱ्या यंत्राला कंद दिसत नाही. आम्हालाही दिसला नव्हता.

यंदा पुन्हा त्याच माळावर खड्ड्यांचा विषय ग्रामसभेत आला. आम्ही म्हटलं, झाडं ओढ्याकाठी नि रस्त्याच्या कडेला लावा. माळ पावसाळा ते दिवाळी बंद ठेवा, बी पडल्यावर विळ्यानं कापू. कुसळीचं बी तर स्वतःच रुजतं. ओल लागली की त्याच्या शेपटीचा पीळ उलगडत जातो आणि टोक मातीत घुसतं. लुगड्याच्या काठाला कुसळं काढताना शिव्या देतो, तेच हे बी.

त्यावर आमच्याच गटातली भूमिहीन बाई उठली. म्हणाली, "चार महिने माळ बंद, मग माझ्या शेळ्या तुमच्या ओट्यावर बांधू का?" तिचं खरं होतं. तासभर वाद झाला. शेवटी निम्मा माळ बंद, निम्मा खुला, पुढच्या वर्षी अदलाबदल, आणि कापलेल्या गवताचा पहिला वाटा बिनशेतीच्या घरांना, असं ठरलं. राखणीच्या पाळ्या लागल्यात. पहिली पाळी तिनंच मागून घेतली.