पिंक फ्लॉइड

इंग्लंडमधील विख्यात रॉक वाद्यवृंद. स्थापना लंडन येथे १९६५ मध्ये. सिड बॅरेट (१९४६–२००६), रॉजर वॉटर्स (१९४३– ), रिचर्ड राइट (१९४३–२००८) व निक मेसन (१९४४– ) हे त्याचे आरंभीचे प्रमुख सदस्य. यांपैकी वॉटर्स, राइट व मेसन हे लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये वास्तुकलेचे विद्यार्थी होते. पिंक अँडरसन व फ्लॉइड कौन्सिल या अमेरिकन ब्लूज गायकांच्या नावांवरून बॅरेटने वाद्यवृंदाचे नाव योजिले.

पहिल्या पर्वावर बॅरेटची छाप होती. गिटारवादन, गायन व बहुतेक गीतरचना तोच करी. ‘द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन’ (१९६७) या पहिल्या दीर्घ ध्वनिमुद्रिकेत बालकथांचे अद्भुत वातावरण आणि ध्वनींचे नवे प्रयोग यांचा मेळ आढळतो. त्याच वर्षी त्याची मानसिक प्रकृती ढासळली. एलएसडी या मादक द्रव्याचे सेवन हे त्याचे एक कारण मानले जाते. डिसेंबर १९६७ मध्ये त्याचा केंब्रिजमधील मित्र डेव्हिड गिल्मर (१९४६– ) वाद्यवृंदात आला. पाच जणांची ही व्यवस्था थोडे आठवडेच टिकली. एप्रिल १९६८ मध्ये बॅरेट वेगळा झाल्याचे जाहीर करण्यात आले.

बॅरेटनंतर एकमुखी नेतृत्व उरले नाही. वॉटर्सची वैचारिक गीतरचना, गिल्मरचे भावपूर्ण गिटारवादन व गायन, राइटची स्वरसंगती आणि मेसनचा संयत ताल यांतून वाद्यवृंदाची प्रौढ शैली घडली. ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) हे तिचे उत्कृष्ट फळ होय. तिच्यातील गीतांचे शब्द वॉटर्सचे. संगीतरचनेत मात्र चौघांचाही वाटा आहे. राइटने इटालियन दिग्दर्शक आंतोन्योनी याच्या चित्रपटासाठी केलेली व तेथे नाकारली गेलेली एक चाल वॉटर्सच्या युद्धविषयक शब्दांना लाभली, हे या परस्परपूरकतेचे बोलके उदाहरण. १९७३ ते १९८८ या काळात ही ध्वनिमुद्रिका अमेरिकेतील बिलबोर्ड यादीत ७४१ आठवडे होती. ‘विश यू वेअर हिअर’ (१९७५) हिच्या मुळाशी बॅरेटच्या अनुपस्थितीची जाणीव आहे. तिचे काम चालू असता ५ जून १९७५ रोजी भुवया भादरलेला, स्थूल झालेला बॅरेट अवचित ध्वनिमुद्रणगृहात आला. जुन्या सहकाऱ्यांनी त्याला प्रथम ओळखले नाही.

पुढे हा तोल ढळला. ‘ॲनिमल्स’ (१९७७) मध्ये एका गीताचा अपवाद सोडता सर्व रचना एकट्या वॉटर्सची आहे. जुलै १९७७ मध्ये माँट्रिऑल येथे गोंगाट करणाऱ्या एका श्रोत्यावर तो थुंकला. श्रोत्यांशी आलेल्या या दुराव्यातून आणि दुसऱ्या महायुद्धात वडील गमावल्याच्या वेदनेतून ‘द वॉल’ (१९७९) या दीर्घ कथात्मक कृतीची कल्पना स्फुरली. तिच्या निर्मितीच्या काळातच वॉटर्सच्या आग्रहावरून राइटला सदस्यत्व सोडावे लागले. नंतरच्या प्रयोगांत तो वेतन घेऊन वाजवीत असे. ‘द फायनल कट’ (१९८३) हिच्यात राइट नव्हता आणि गिल्मरचा वाटाही गौण होता.

डिसेंबर १९८५ मध्ये वॉटर्स बाहेर पडला. आपल्यावाचून वाद्यवृंद संपला, अशी त्याची धारणा होती. गिल्मर व मेसन यांनी ती न मानल्याने नावाचा वाद १९८६ मध्ये न्यायालयात गेला. डिसेंबर १९८७ मधील तडजोडीने नाव या दोघांकडे राहिले व ‘द वॉल’ च्या प्रयोगांचे हक्क वॉटर्सला मिळाले. राइट परतला, ‘द डिव्हिजन बेल’ (१९९४) मध्ये त्याने संगीतरचनेतही भाग घेतला. २ जुलै २००५ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये वॉटर्ससह चौघांनी एकत्र वादन केले. २००८ मध्ये राइटच्या निधनाने ती शक्यता कायमची संपली.

या वाद्यवृंदाची श्रेष्ठ निर्मिती मतभेद नसताना नव्हे, तर कोणा एकाचे मत अंतिम नसताना झाली. वॉटर्सच्या नंतरच्या स्वतंत्र कृतींत विचाराची धार कायम राहिली. उरलेल्यांच्या कृतींत स्वरमाधुर्य टिकले. या दोहोंचा १९७३ मधील संयोग मात्र पुन्हा साधला नाही.