जिना कुणासाठी? सिंदखेडचा वाडा, पाचाडचा वाडा आणि आमच्या घरची खुर्ची

जिन्यावर व्याख्यान आहे म्हटल्यावर येताना एकांनी मला विचारलं, यात इतिहास कुठून आणणार? बसा तर खरं, म्हटलं.

निमित्त घरचं आहे, ते आधी सांगतो. माझी आई ब्याऐंशी वर्षांची. तिची खोली वरच्या मजल्यावर. गुडघे गेले आणि दिवाळीपासून ती खाली उतरलेली नाही. मुलं म्हणाली, जिन्याला खुर्ची बसवू. पायऱ्यांच्या कडेनं रूळ टाकतात, त्यावरून खुर्ची वरखाली सरकते. मोजणीला माणूस आला. आमच्या घराला दोन जिने. पुढचा गल्लीतून सरळ वर येतो, मागचा स्वयंपाकघराजवळून वळण घेत. तो म्हणाला, पुढचा घ्या. सरळ रूळ स्वस्त, वळणाचा मापानं बनवावा लागतो, बराच महाग पडतो. आम्ही माना डोलावल्या. तेवढ्यात आई म्हणाली, "मले गल्लीत काय काम हाय? मले परसात जायचं हाय."

त्या एका वाक्यानं मला कामाला लावलं.

आपल्याकडचं जुनं घर आठवा. धाब्याचं घर, मातीच्या जाड भिंती, वर सपाट माळवद. तिथं जायला निसणी. वर वाळवण घालायचं, उन्हाळ्यात झोपायचं. म्हातारं माणूस मात्र खाली, ओसरीवर. आपल्याला वाटतं, ही त्याच्या गुडघ्यांची सोय होती. असेलही. पण ओसरीवर बसलेल्या आजोबांना घरात कोण आलं, कोण गेलं, पोतं किती भरलं, सगळं दिसायचं. ओसरी ही त्यांची कचेरी होती. आजीचं राज्य मागं, चुलीपासून परसापर्यंत.

वाड्यांत जिना आला, पण तो कुणाला सहज चढता यावा म्हणून नव्हे. भिंतीच्या जाडीत कोंबलेला, अंधारा, एकावेळी एकच माणूस जाईल असा, पायरी जवळपास फूटभर उंच. धरायला वरून दोर लोंबकळत असायचा. हल्ला झाला तर वरचा एक माणूस खालच्या दहांना अडवू शकेल, हा त्यामागचा हिशेब. सिंदखेड राजाला लखुजी जाधवांच्या वाड्याचा दर्शनी दरवाजा पाहिलात की त्या काळी घर बांधताना आधी कशाची काळजी करत, ते कळतं.

याच वाड्यात १२ जानेवारी १५९८ ला जिजाऊंचा जन्म झाला, हे तुम्हाला मी सांगायला नको. आपण दर वर्षी तिथं जातो. पण त्यांच्या शेवटच्या घराकडे आपलं फारसं लक्ष नसतं. ते रायगडाच्या पायथ्याला, पाचाडला आहे. म्हातारपणी गडावरची हवा त्यांना मानवत नव्हती म्हणून महाराजांनी खाली वाडा बांधून दिला, असं सांगतात. ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला आणि १७ जूनला पाचाडलाच जिजाऊ गेल्या. समाधीही तिथंच.

पाचाडच्या वाड्यात एक विहीर आहे, तक्क्याची विहीर. काठावर टेकून बसायला दगडी तक्का घडवलेला. जिजाऊ तिथं बसत आणि पाण्याला येणाऱ्या बायांशी बोलत, अशी लोकांची आठवण आहे. आठवणीला कागदाचा पुरावा मागू नका; तो दगडी तक्का मात्र आहे. मला त्यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. खोली खाली आणली आणि काम संपलं, असं तिथं झालं नाही. माणसांची ये-जा होती, तिथं बसायची जागा केली. (आता रायगडाला रोपवे आहे, १९९६ पासून. चार-पाच मिनिटांत वर. तेव्हा असता तर पाचाडचा वाडा बांधला असता का, हा प्रश्न तुम्हीच सोडवा.)

माणसाला खुर्चीसकट वर न्यायची कल्पना जुनीच आहे. इंग्लंडचा आठवा हेन्री शेवटच्या दिवसांत इतका जड आणि आजारी झाला होता की त्याच्यासाठी राजवाड्यात नोकरांनी ओढायची खुर्ची होती, असं इतिहासकार डेव्हिड स्टार्की यांनी जुन्या यादीवरून दाखवलं. विजेवरची घरगुती खुर्ची अमेरिकेत १९२० च्या दशकात आली. आपल्याकडे ती गरज उशिरा पडली, कारण म्हातारी माणसं वर गेलीच उशिरा. १८७० मध्ये खामगावला रेल्वे आली, कापसाची पेठ वाढली. पेठेत जागा अपुरी, मग खाली दुकान-गोदाम, वर बिऱ्हाड. पुढं सिमेंटचे स्लॅब आले आणि गावोगाव तेच झालं. खालची जागा भाड्याची, म्हणून आजी वर. आमच्याही घरी असंच झालं, हे कबूल करतो.

तर खुर्ची कुठं बसवायची? मी शिकलो ते सांगतो. रूळ बहुतेक भिंतीला नाही, पायऱ्यांनाच ठोकतात. म्हणून पायरी भक्कम हवी, जुन्या लाकडी जिन्याची आधी तपासणी करा. रुंदी साधारण अडीच फूट तरी हवी, नाहीतर घरातल्या बाकीच्यांना चढता येणार नाही. वरच्या टोकाला खुर्ची शेवटच्या पायरीवर थांबता कामा नये. सपाट जागेवर वळून उतरता आलं पाहिजे. उतरताना तोल जातो तो तिथंच. खाली रुळाचं टोक दाराच्या वाटेत येतं का, तेही बघा. आणि बॅटरीवर चालणारीच घ्या. लोडशेडिंगमध्ये आई जिन्यात मध्येच अडकलेली कुणालाच नको.

पण हे सगळं मापाचं झालं. त्याआधी तिला जायचं कुठं आहे, हे विचारायचं असतं. आम्ही ते विचारलं नव्हतं. तिला तुळशीजवळ बसायचं होतं, शेजारच्या काकूंशी कुंपणावरून बोलायचं होतं.

मागच्या जिन्याचं वळण दहा पायऱ्यांनंतर आहे. तिथं रुंदी दोन फूट पाच इंच भरते, इंचभर कमी. भिंतीतला एक कोनाडा बुजवून आणि कठडा बाहेर सरकवून जागा होईल, असं गवंडी म्हणतो. भाडेकरूला खालची मागची खोली सोडायला सांगावी, असं माझ्या धाकट्या भावाचं मत. त्यावर घरात अजून एकमत नाही. आई म्हणते, "तुमचं काय ते लवकर ठरवा, तुळस वाळून राह्यली."

मोजणीवाला रविवारी पुन्हा येतोय. तुमच्यापैकी कुणी वळणाच्या जिन्याला खुर्ची बसवली असेल, तर चहाच्या वेळी मला जरूर भेटा.