निःशब्द टाळी

जोयडा तालुक्यातील, म्हणजे पूर्वीच्या सुपे तालुक्यातील, देवळांत भजन चालू असता समोर बसलेल्या मुलांकडे पाहावे. त्यांचे कान गाणाराकडे असतात. डोळे मात्र मृदंगावर पडणाऱ्या हातांवर खिळलेले असतात. ताल हा कानांचा विषय, असे आपण सहज म्हणतो. परंतु आमच्या परंपरेने तो प्रारंभापासून कान व डोळे या दोघांच्या स्वाधीन केला आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रात तालक्रियांचे सशब्द व निःशब्द असे दोन वर्ग सांगितले आहेत. आजची ‘खाली’ ही त्या निःशब्द क्रियांच्याच जातीची. त्रितालाच्या 16 मात्रांत पहिल्या, पाचव्या व तेराव्या मात्रेवर टाळी वाजते. नवव्या मात्रेवर हात नुसता बाजूला वळतो. तेथे ध्वनी नाही, खूण आहे. शिष्य ती प्रथम डोळ्यांनी टिपतो आणि मग डग्ग्याचा घुमारा थांबताच कानांनीही ओळखू लागतो.

अर्वाचीन काळी या नात्याला नवे वळण लागले. 1872 साली कुरुंदवाड येथे कीर्तनकाराच्या घरी जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांच्या डोळ्यांना बालपणी दारूकामाने इजा झाली, म्हणून ते मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गायन शिकू लागले. पुढे 1901 साली त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले. ज्यांची दृष्टी अधू झाली होती, त्यांनीच स्वर डोळ्यांनी वाचता यावेत अशी लेखनपद्धती सिद्ध करावी, हे केवढे आश्चर्य! पंडित भातखंडे यांच्या पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, समेला फुली व खालीला शून्य आले. तयार विद्यार्थ्याच्या मनात ही चिन्हे पाहताच स्वर उमटतात.

पाश्चात्त्य संशोधनाचाही कौल असाच आहे. कानांवर ‘बा’ पडत असता समोरचे मुख ‘गा’ म्हणताना दिसले, तर पुष्कळांना ‘दा’ ऐकू येते, असे मॅकगर्क व मॅकडोनाल्ड यांनी 1976 साली दाखविले. डोळा कानाला असा फसवितो. तालमीने मात्र दोघांचा मेळ अधिक चोख होतो. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, आघात दिसणे व ऐकू येणे यांतील सूक्ष्म अंतर ड्रमवादकांना इतरांपेक्षा अधिक अचूक कळले.

हे सांगण्याचे कारण असे, की ध्वनिमुद्रण ऐकून अभंगाची चाल उचलता येते. पण त्यात खालीचा हात दिसत नाही. पुस्तकात शून्य दिसते, पण हात वळण्याचा क्षण कळत नाही. तो गुरूसमोर बसूनच कळावयाचा. म्हणून देवस्थानच्या मंडळींस आमची एवढीच विनंती आहे: भजनाच्या वेळी मुलांना मागे दाराशी बसवू नये, मृदंगाच्या अगदी समोर बसवावे.